हेडक्लार्कांचा माउसत्याग

पाणीपुरवठा कार्यालयातल्या हेडक्लार्कांचा माउस मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी गेला. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्यांनी ती लगेच कागदावर लिहून ठेवली. काहीही बिघडलं की आधी वेळ लिहायची, मग तारीख, मग 'माझ्या हातून नव्हे' अशा अर्थाचं एक वाक्य, ही त्यांची चोवीस वर्षांची शिस्त होती. पडद्यावरचा बाण उजव्या कोपऱ्यात जाऊन बसला तो बसलाच. हेडक्लार्कांनी माउस आपटला, फुंकला, शर्टाच्या बाहीवर घासला, उलटा करून त्याच्या पोटावर टिचक्या मारल्या. बाण ढिम्म.

मग ते रीतसर स्टोअरकीपरकडे गेले. हा गृहस्थ स्टोअरमधली प्रत्येक वस्तू स्वतःच्या माहेरची असल्यासारखी जपत असे. त्याने चष्मा लावला, रजिस्टर उघडलं आणि बोट ठेवून वाचलं, "संगणक, नग एक. यात माउस कुठे आहे?"

"संगणकाबरोबरच आला होता की."

"आला असेल. पण नोंद नाही. रजिस्टरात जो नाही, तो माझ्या दृष्टीने जन्मलाच नाही. मग तो बिघडेल कसा?"

हेडक्लार्क स्वतः नियमांवरच वाढलेले. मुद्दा बिनतोड आहे हे त्यांना मनातून पटलं, त्यामुळे राग जास्तच आला.

"मग मी करू काय?"

"अख्खा संगणक नादुरुस्त म्हणून जमा करा. वरून नवा आला की देतो."

"वरून कधी येईल?"

"मीटर शाखेने जमा केला तेव्हा माझी धाकटी पहिलीत होती." स्टोअरकीपरने रजिस्टर मिटलं. "यंदा दहावीला बसतेय. अभ्यासात बरी आहे."

"आणि मी बाजारातून आणून लावला तर?"

स्टोअरकीपरने चष्मा काढला. सरकारी यंत्राला खाजगी वस्तू! उद्या तपासणीवाले येतील आणि विचारतील, हा संगणक कोणाचा? काय सांगणार, धड सरकारचं आणि शेपूट माझं? हेडक्लार्क मुकाट्याने परत आले आणि उरलेला दिवस त्यांनी कोपऱ्यातल्या बाणाकडे बघत काढला.

घरी आल्यावर त्यांना ही कथा बायकोला सांगायची होती. पण बायको अजून यायची होती. ती शाळेत शिकवायची, म्हणून सगळी इमारत तिला 'बाई' म्हणत असे, आणि घाबरले की हेडक्लार्कही म्हणत. बाईंची शाळा लांब. पहाटे साडेचारला उठायचं, सहाची बस पकडायची, मग दुसरी बस, मग अर्धा तास चाल. संध्याकाळी हेच सगळं उलट्या क्रमाने. अशी नऊ वर्षं झाली होती. हेडक्लार्कांना बायकोचं कौतुक नव्हतं असं नाही. पण ते साडेआठला उठत, आणि कौतुक करायला समोर कोणी नसे.

त्या दिवशी बाई पिशवी खाली ठेवता ठेवताच म्हणाल्या, "अहो, यंदा बदल्यांचे अर्ज सुटणार आहेत. महिन्याभरात. संगणकावर भरायचेत. या वेळी टाकीजवळच्या शाळेत एक जागा रिकामी होतेय."

पाण्याच्या टाकीजवळची शाळा घरापासून दहा मिनिटांवर होती. हेडक्लार्क म्हणाले, "भरू की," आणि लगेच माउसच्या निधनाची हकीकत सुरू केली. बाईंना पहिल्या पाच मिनिटांतच झोप लागली.

श्रोता हवाच होता, म्हणून हेडक्लार्क तळमजल्यावरच्या टायपिंगवाल्या काकांकडे गेले. काकांनी तीस वर्षं टायपिंगची शाळा चालवली होती. गावातल्या निम्म्या कचेऱ्यांची बोटं त्यांच्या हाताखालून गेली होती. संगणक आले तेव्हा काकांनी ते मोठ्या मनाने स्वीकारले, कारण त्यांनाही कळफलक होता. पण माउस आला तेव्हा मात्र त्यांनी शाळेला कुलूप लावलं.

"माउस गेला? उत्तम झालं!" काका खुर्चीतून उठलेच. "अरे, देवाने दहा बोटं दिलीत. त्यातली नऊ उपाशी ठेवायची आणि एकाच्या जिवावर टिचटिच करत बसायचं, याला काम म्हणतात? जे जे माउसने होतं ते सगळं कळफलकावर होतं. दुप्पट वेगाने होतं. फक्त डोकं लागतं."

शेवटचं वाक्य हेडक्लार्कांना लागलं. काकांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात बेचाळीस शॉर्टकट लिहून दिले. कंट्रोल आणि सी, की नक्कल. कंट्रोल आणि व्ही, की चिकटव. आल्ट आणि टॅब, की या खिडकीतून त्या खिडकीत. विंडोज आणि डी, की सगळ्या खिडक्या गायब, म्हणजे साहेब आले. कागदाच्या तळाशी काकांनी दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं, 'घाई करू नये.' बाकी बेचाळीस हेडक्लार्कांनी पाठ केले. हे एक तेवढं राहून गेलं.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवसापासून जिन्यात सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणाले, करंगळी जपा, कंट्रोल दाबून दाबून तिची शीर धरते. त्यांच्या शेजारचे विमा एजंट म्हणाले, रोज रात्री झोपताना अंगठा आणि करंगळी यांच्यात रबर अडकवून ताणत जा. हेडक्लार्कांनी ताणलं. रबर सुटून आरशाला लागलं. समोरच्या दारातल्या वहिनींनी मात्र सल्ला दिला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, आमचा संगणक बिघडलाय पण माउस ठणठणीत आहे. घरी कधी लागला तर सांगा हो." हेडक्लार्क हसले. व्यसन सुटलेला माणूस विडीवाल्याकडे बघून हसतो, तसलं ते हसू होतं.

कार्यालयात पहिला आठवडा अवघड गेला. तीन पानी पत्र अख्खं निवडून ते ठळक करायच्या नादात त्यांचा अंगठा स्पेसबारवर पडला आणि तीन पानांच्या जागी एक शुभ्र मोकळी जागा राहिली. कंट्रोल आणि झेड दाबलं की गेलेलं परत येतं हे त्यांना पाठ होतं. पण त्या क्षणी आठवला तो आल्ट आणि एफ-फोर. 'बदल जतन करायचे का?' असं संगणकाने विचारलं. हेडक्लार्क जतन करण्याच्या बाजूचे, त्यांनी होय म्हटलं. ती मोकळी जागा आजही त्या फायलीत जतन आहे.

त्याहून मोठं प्रकरण शुक्रवारी झालं. संगणक अडकला म्हणून कंट्रोल, आल्ट आणि डिलीट दाबायला गेले, तर बोट डिलीटवरून घसरून खालच्या बाणाच्या कळीवर पडलं. पडदा एकदम उलटा झाला. अक्षरं डोक्यावर उभी, बाण पाताळात. हेडक्लार्कांनी आधी वेळ लिहून ठेवली. मग मान वाकडी करून काम करून पाहिलं. दुपारपर्यंत मान तशीच राहिली. शेवटी त्यांनी शिपायाला हाक मारली आणि दोघांनी मिळून मॉनिटरच उलटा केला, दोन बाजूंना जुन्या फायलींची चळत लावून त्यावर टेकवला. काम झकास सुरू झालं. एवढ्यात साहेब आले.

"हेडक्लार्क, हा मॉनिटर उलटा का आहे?"

"पडद्याच्या मानाने तो सुलटा आहे, साहेब," हेडक्लार्क म्हणाले. साहेब विचारात पडून निघून गेले. संध्याकाळी काकांनी फोनवरून कंट्रोल, आल्ट आणि वरच्या बाणाची कळ दाबायला सांगितली, पडदा सरळ झाला, आणि आता मॉनिटर उलटा निघाला. शिपाई घरी गेला होता. हेडक्लार्कांनी ते धूड एकट्याने कवेत घेऊन फिरवलं आणि विमा एजंटांना भेटायचं मनाशी ठरवलं.

पण माणूस चिवट होता, हे मान्य करायला हवं. तिसऱ्या आठवड्यात त्यांची बोटं कळफलकावर अशी पळू लागली की बघणाऱ्याला चक्कर यावी. फायली उघडत होत्या, मिटत होत्या, छापून बाहेर पडत होत्या. साहेबांनी एके दिवशी साऱ्या शाखेला त्यांच्या टेबलाभोवती उभं केलं. "बघा! याला म्हणतात काम. नाहीतर तुम्ही! दिवसभर हात चोळत बसल्यासारखे माउस चोळता." हेडक्लार्कांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. शाखेतल्या अकरा कारकुनांच्या नजरेत मात्र जे होतं, ते त्यांनी पाहिलं नाही.

साहेब तेवढ्यावर थांबते तर ते साहेब कसले? त्यांनी वर कळवलं, की हे कार्यालय पहिलं माउसमुक्त कार्यालय झालेलं आहे. मग ते खरं करणं भाग पडलं. अकराच्या अकरा माउस काढून स्टोअरमध्ये जमा करायचा आदेश निघाला. कारकून ते खोक्यात घालून घेऊन गेले. स्टोअरकीपर म्हणाला, "ज्या वस्तूची नोंद नाही ती मी जमा कशी करून घेऊ?" खोकं परत आलं. शेवटी ज्याचा माउस त्याच्या ड्रॉवरमध्ये गेला, आणि हेडक्लार्कांना चहाला कोणी बोलवेनासं झालं.

विजयाची नशा वाईट. घरीही संगणक होता, आणि त्याला माउस होता. एका रविवारी हेडक्लार्कांनी तो उपटून काकांच्या हातात ठेवला. "काका, घरात असला की हात जातो."

"जाणारच. मी कपाटात बंद करतो," काका भरल्या डोळ्यांनी म्हणाले. इतक्या वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नव्हता.

हे बाईंना सांगायचं हेडक्लार्कांच्या लक्षात राहिलं नाही, असं ते म्हणतात.

अर्ज गुरुवारी सुटले. शनिवारी संध्याकाळी पाचला बंद होणार होते. गुरुवारी संकेतस्थळ उघडलं नाही, कारण जिल्ह्यातल्या सगळ्या शिक्षकांनी एकदम दार ठोठावलं होतं. शुक्रवारी उघडलं आणि 'कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा' म्हणून मिटलं. मोबाइलवर तो अर्ज दिसतच नव्हता, आणि चौकातल्या नेट कॅफेची रांग पार औषधाच्या दुकानापर्यंत आली होती. शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा करून बाई तीन वाजता घरी पोचल्या, पदर खोचला, कागदांची पिशवी उघडली आणि संगणकासमोर बसल्या. त्यांचा उजवा हात टेबलावर गेला. तिथे काही नव्हतं.

"माउस कुठाय?"

कॉलेजात जाणारी लेक मोबाइलमध्ये तोंड घालून बसली होती, तिनेही मान वर केली.

"काकांकडे," हेडक्लार्क म्हणाले. "कपाटात. पण त्याची गरजच नाही. तू ऊठ, मी भरतो."

"जा आणि घेऊन या."

"काका लेकीकडे गेलेत. आठ दिवस."

बाई काही बोलल्या नाहीत. हे चांगलं लक्षण नव्हे, हे घरातल्या भिंतींनाही ठाऊक होतं. समोरच्या वहिनी दारातच उभ्या होत्या. कुठल्याही घरात आवाज बंद झाला की त्या दारात येत. "बाई, आमचा माउस देऊ का?"

"नको वहिनी," बाईंच्या आधी हेडक्लार्क म्हणाले. "अहो, आमचं कार्यालय माउसमुक्त आहे. साहेबांनी वर कळवलंय."

वहिनींनी बाईंकडे बघितलं, बाईंनी छताकडे. वहिनी आत गेल्या.

खरं सांगायचं तर हेडक्लार्कांनी सुरुवात दृष्ट लागण्यासारखी केली. बाई कागदावरून वाचत होत्या आणि ते भरत होते. नाव, टॅब. जन्मतारीख, टॅब. सेवेत रुजू झाल्याची तारीख, टॅब, टॅब. दर दहा मिनिटांनी संकेतस्थळ बाहेर हाकलत होतं, आणि हेडक्लार्क बेडरपणे परत आत शिरत होते. संकेतशब्द बाईंच्या मोबाइलवर येत होता आणि लेक तो ओरडून सांगत होती. दोनदा वीज लुकलुकली. साडेचारला ते शेवटच्या पानावर आले. शाळेची पहिली पसंती.

एकशे चाळीस शाळांची यादी खाली लोंबली. हेडक्लार्क बाणाच्या कळीने एकेक पायरी उतरत गेले आणि 'टाकीजवळची' वर थांबले. बाईंनी चष्मा पुसून नीट वाचलं. हीच. नऊ वर्षांनंतर त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते हेडक्लार्क बघतच राहिले. "एंटर मारा," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी मारलं. यादी मिटली.

आता पानाच्या तळाशी जायचं, 'वरील माहिती खरी आहे' या चौकटीत खूण करायची आणि अर्ज धाडायचा. पान खाली सरकवायला हेडक्लार्कांनी खालच्या बाणाची कळ दाबली. पान सरकेना. आणखी दाबली. सरकेना. चार-पाचदा ठोकली. मग आठवलं, टॅब! टॅबने भराभर खाली गेले, स्पेसने खूण केली, एंटर ठोकला. चार वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं. 'आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे.'

हेडक्लार्क खुर्ची मागे लोटून उभे राहिले. दहाही बोटं त्यांनी हवेत पसरली. "बघितलंस? एकदाही माउस लागला नाही!"

लेक पावती छापून वाचत होती. "बाबा, ही कुठली शाळा? पहिली पसंती, 'धरणापलीकडची'."

धरणापलीकडच्या शाळेत होडीने जावं लागतं. पावसाळ्यात होडी बंद असते, तेव्हा तिथले मास्तर तिथेच राहतात.

घडलं होतं ते असं. यादी मिटली तरी हेडक्लार्क त्या यादीतच उभे होते. पान सरकवायला म्हणून मारलेला प्रत्येक बाण पानाला नव्हे, पसंतीला खाली ढकलत होता. एकेका बाणाला एकेक शाळा मागे पडत गेली, आणि त्या वेळी तिघांचीही नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे होती. हेडक्लार्कांनी आयुष्यात पहिल्यांदा वेळ लिहून ठेवली नाही.

"दुरुस्ती एकदा करता येते," लेक पावतीच्या मागचं बारीक अक्षर वाचत म्हणाली. "पाचच्या आत. वरती 'अर्ज' लिहिलंय ना, त्यावर बाण नेला की खाली 'दुरुस्ती' दिसतं."

हेडक्लार्कांनी टॅब मारला. 'मुख्य पान'. टॅब. 'संपर्क'. टॅब. 'छायाचित्रे'. 'अर्ज' या शब्दावरून टॅब टुणकन उडी मारून पुढे जात होता. उलटा टॅब. पुन्हा उडी. बेचाळीसच्या बेचाळीस शॉर्टकट त्यांनी आठवून आठवून मारले. एकाने पान मोठं झालं, एकाने लहान झालं, एकाने सगळ्या खिडक्या गायब होऊन डोंगराचं चित्र आलं.

"थांबा, थांबा," लेक मोबाइलमध्ये शोधत म्हणाली, "आकड्यांच्या कळींनी बाण हलवता येतो म्हणे. डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि नमलॉक."

हेडक्लार्कांनी दाबलं. खरंच, कोपऱ्यात पडलेला बाण हलला. केसभर. आणखी केसभर. आठाच्या कळीवर बोट रोवून ते बसले आणि बाण निघाला, वर, वर, सावकाश. चार पंचावन्नला तो 'अर्ज' या शब्दावर पोचला. खाली यादी उलगडली. 'दुरुस्ती' दिसलं! आता फक्त दोन बोटं खाली. त्यांनी दोनाची कळ दाबायला बोट नेलं, ते तीनावर पडलं, बाण तिरका चालू लागला आणि यादीतून बाहेर पडला. यादी मिटली.

"अजून एकदा," हेडक्लार्क म्हणाले. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता. "मला जमतं. मी करतो."

तेव्हा बाई बोलल्या. आवाज चढवला नाही. चौथीच्या वर्गाला पाढा सांगावा तशा त्या म्हणाल्या, "अहो, नऊ वर्षं मी पहाटेची बस पकडली. तुम्हाला फक्त समोरच्या दारापर्यंत जायचंय."

हेडक्लार्क उठले. त्यांच्या दारापासून वहिनींच्या दारापर्यंत सात पावलं होती. कार्यालयातले अकरा कारकून, साहेब, साहेबांनी वर पाठवलेलं पत्र, कॅलेंडरच्या पाठीवरचं काकांचं अक्षर, सगळं त्या सात पावलांत त्यांच्या पायात आडवं येत होतं. एक चप्पल वाटेत सुटली. त्यांनी बेल दाबली आणि बोट काढलंच नाही.

वहिनींनी दार उघडलं.

"वहिनी, माउस."

"म्हणजे लागतो तर!"

"लागतो."

"नाही, तुम्ही मघाशी म्हणालात की..."

"वहिनी, मी गाढव आहे. माउस द्या."

इतका स्वच्छ कबुलीजबाब वहिनींनी घरच्या माणसाकडूनही कधी ऐकला नव्हता. त्या धावत आत गेल्या आणि वायर गुंडाळतच बाहेर आल्या. हेडक्लार्कांनी तो ओंजळीत धरून आणला आणि संगणकाच्या पाठीमागे जाऊन गुडघे टेकले. वायरीचं टोक आत जाईना. उलटं केलं. तरी जाईना. परत होतं तसं केलं, तर निमूटपणे गेलं. चार सत्तावन्न.

त्यांनी माउस धरायला हात पुढे केला, पण खुर्चीत बाई बसल्या होत्या. 'अर्ज'. 'दुरुस्ती'. यादी. बाई चाकावर बोट ठेवून शांतपणे वर वर सरकत गेल्या. 'टाकीजवळची'. टिच. मग त्यांनी पसंती मोठ्याने वाचली, लेकीने वाचली, दारातून वहिनींनी वाचली. हेडक्लार्कांना वाचायला कोणी सांगितलं नाही, तरी ते टेबलाखालून वाचत होते. चौकटीत खूण. टिच. चार एकोणसाठ.

बाईंनी पावती छापली, घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि चहा टाकायला गेल्या. हेडक्लार्क टेबलाखालीच बसून राहिले. बाहेर यायचं काही कारण त्यांना दिसेना.

सोमवारी ते साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, "साहेब, माउस लागतो." साहेब म्हणाले, लागत असेल, पण आपण वर कळवलेलं आहे, आता लागून चालणार नाही. त्यावर वरून शाबासकीचं पत्रही येऊन गेलेलं. तेव्हा आता त्या कार्यालयात सगळे जण माउसवर रुमाल टाकून काम करतात. साहेबांच्या बुटांचा आवाज आला की बारा उजवे हात एकदम कळफलकावर येतात. बारावा हेडक्लार्कांचा. तो माउस त्यांनी बाजारातून आणला आहे. स्टोअरकीपर येता-जाता बघतो, पण रजिस्टरात रुमालाचीही नोंद नाही. हेडक्लार्कांना चहाला पुन्हा बोलावणं येऊ लागलं आहे.

बदल्यांची यादी महिन्याभराने लागली. बाईंना टाकीजवळची शाळा मिळाली.

पहिल्या दिवशी हेडक्लार्क मुद्दाम गजर लावून सातला उठले. बाहेरच्या खोलीत दिवा होता. बाई आंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून, मांडीवर पर्स घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. शाळा सव्वादहाची.

"अगं, कधीपासून बसलीयेस?"

"साडेपाचपासून," बाई ओशाळून म्हणाल्या. "साडेचारला जागच आली. सगळं आवरलं. मग लक्षात आलं, की आता जायचं कुठे?"

हेडक्लार्कांनी चहा केला. साखर जास्त पडली, पण बाईंनी मुकाट्याने घेतला. नऊ वर्षांत दोघं सकाळी असे समोरासमोर कधी बसलेच नव्हते. काय बोलतात सकाळी, ते दोघांनाही आठवेना. हेडक्लार्कांना वाटलं, आपण साडेआठपर्यंत घोरत असताना ही रोज अशीच या खोलीत एकटी उठून, एकटी निघून जात होती. त्यांना फार वाईट वाटलं. काहीतरी चांगलं, मनापासून बोलावं असं वाटलं. त्यांनी घसा साफ केला.

"वेळ आहे हाताशी तर तुला एक सांगू का? कंट्रोल दाबून धरायचं, आणि मग..."

"अहो," बाई म्हणाल्या.

हेडक्लार्क उठले आणि दुसऱ्या चहाचं आधण ठेवायला आत गेले. मागून बाईंच्या हसण्याचा आवाज येत होता, आणि तो बराच वेळ थांबला नाही.